पुसलेली पावलं

मयासा गस्तीला निघाली की थुमनाच्या जिवाला घोर लागायचा. पण आजचा घोर काही केल्या हटेना, कारण आज तिने स्वतःच लेकीच्या वाटेत काहीतरी करून ठेवलं होतं.

मयासा ओमानच्या माळावरची, हरासीस जमातीतली पोर. पावलं कुणाची, गाडी भरलेली गेली की रिकामी, हे वाळूवरून ओळखायला तिला शेळ्यांमागे फिरताना आईनेच शिकवलं. कॉलेज करून ती परतली आणि गळ्यात दुर्बीण अडकवून ओरिक्सची राखणदार झाली. पांढरी, लांब सरळ शिंगांची ही हरणं थुमनाच्या बापाला फक्त खाण्यापुरती ठाऊक होती. लेक मात्र एकेका पाडसाला तोंडावरच्या काळ्या पट्ट्यावरून ओळखू लागली.

"आई, पहाटे ती दगडांवरचं दव चाटतात," ती अप्रूपाने सांगायची.

"शेळ्याही चाटतात. त्यांचं कधी कौतुक केलं नाहीस."

गेल्या हिवाळ्यात मात्र ओरिक्स पकडून विकणाऱ्या चोरांनी गस्तीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. मयासाच्या सोबत्याचा हात कोपरापासून कापावा लागला. तेव्हापासून लेकीची गाडी परत दिसेपर्यंत थुमनाच्या घशाखाली घास उतरत नसे.

काल तिचा भाचा बखीत आला होता. उंटिणीचं दूध प्याला.

"आत्या, मयासा हल्ली कुठल्या बाजूला फिरते?"

"मागणी घालायचीय का? मग आधी ती दाढी नीट कर."

तो हसला. थुमनाने त्याच्या नव्या गाडीचं विचारलं, तर नजर चुकवून उठला.

आज दुपारी चुकलेली शेळी शोधताना थुमनाला बाभळींखाली पावलं दिसली. डावं पाऊल जरा बाहेर पडणारी, बखीतचीच. सोबत आणखी दोघांची. जवळच ओढत नेल्याची खूण, पांढरे केस आणि वाळूत पुरलेलं जाळं. जाळं ठेवलंय म्हणजे बखीत पुन्हा येणार होता.

ज्याने आपल्या घरचं दूध घेतलं, त्याला तीन दिवस आपल्या तोंडून पकडून द्यायचं नाही, ही हरासीसांची रीत. थुमनाने विचारही केला नाही. ओढणीच्या पदराने तिने सगळी पावलं पुसली.

घरी येते तो मयासा बूट चढवत होती.

"बाभळींकडे चाललेय. तीन गाभण माद्या आहेत तिथे. पहाटेपर्यंत थांबेन."

"आज नको जाऊस."

"का?"

"धुकं पडेल."

"ते रोजच पडतं. आणि माग बघितल्याशिवाय मी गाडीतून उतरत नाही. तूच शिकवलंस."

 गाडी निघून गेली आणि मग थुमनाच्या ध्यानात आलं. मागच नाही म्हटल्यावर पोर बिनघोर खाली उतरेल. एकटी. आणि धुक्यातून तिघं येतील, बंदूक घेऊन.

नाव सांगितलं, तर भाऊ पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. बायका विहिरीवर म्हणतील, हिच्या घरचं दूध विषारी. म्हणोत. बाभळींपाशी पोचायला गाडीला पाऊण तास लागतो, त्यातला अर्धा सरला होता.

वस्तीवरून फोन फक्त पाण्याच्या टाकीवर चढून लागायचा. थुमना शिडी चढली. फोनमध्ये लेकीचं नाव शोधून दाबलं. घंटी वाजेपर्यंत तिने ठरवलं होतं : आधी बखीतचं नाव सांगायचं. मग पदराने पुसलेल्या पावलांचं.