डावीकडे बसा

प्रेस्टन स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे क्लिफर्ड एन्टविसलने एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने तिकिटांपेक्षा सल्लेच जास्त दिले. "कार्लाइलपर्यंत डावीकडे बसा हं, बाई. उजवीकडे बसलात तर नुसत्या मेंढ्या मोजाल." मागे रांग खोळंबलेली असायची. लोक घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकायचे, पण तोंडाने कोणी बोलायचं नाही. आमच्याकडची माणसं रांगेत उभी राहून म्हातारी होतील, तक्रार करणार नाहीत.

गंमत म्हणजे, यातलं काहीच त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं. प्रवासी परत येऊन सांगायचे, कोणी चित्राचं कार्ड पाठवायचं, आणि हा ते सगळं एका हिरव्या वहीत उतरवून घ्यायचा. रेल्वेच्या माणसाला पास फुकट होता. पण उन्हाळ्यात खिडकीवर गर्दी, त्यामुळे रजा मिळायची ती नोव्हेंबरात. नोव्हेंबरात जाऊन बघायचं काय? म्हणून पास खणात आणि क्लिफर्ड घरात.

बायकोचं, मेव्हिसचं, त्याच्याकडे एकच मागणं होतं. सात वर्षांची असताना एका उन्हाळ्यात ती स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मोरारला, मावशीकडे राहिली होती. तिथली वाळू मैद्यासारखी पांढरी होती म्हणे. इकडे लँकेशरमध्ये हे कोणाला पटायचं नाही. आमच्या समुद्राकाठची वाळू चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची. क्लिफर्डसुद्धा हसायचा. "एकदा घेऊन चल, म्हणजे तुझं तोंड बंद होईल," असं ती लग्नाच्या वर्षापासून म्हणत आली. "निवृत्त झालो की जाऊ," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

तो निवृत्त झाला. मग त्याची आई आजारी पडली, मग घराचं छप्पर गळायला लागलं, आणि त्यात तीन वर्षं गेली. मग एका जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की मेव्हिसच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला आहे. त्यावर उपाय नाही. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. केव्हा, ते सांगता येत नाही. "जे बघायचंय ते लवकर बघून घ्या," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मेव्हिसने कोटसुद्धा काढला नाही. "फेब्रुवारीत जाऊ या," ती म्हणाली.

"फेब्रुवारीत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिकडे धुक्याशिवाय काही दिसत नाही. सहा जणांनी सांगितलेलं वहीत आहे."

"मग धुकं बघू."

"साडेआठ तास बसून धुकं बघायचं? ते आपल्या मोरीच्या खिडकीतून फुकट दिसतं."

"तुझ्या त्या वहीशीच लग्न करायला हवं होतंस तू," मेव्हिस म्हणाली, आणि हसली. ती हसली म्हणून त्याला वाटलं, मिटलं.

जूनचा पहिला आठवडा ठरला. दिवस मोठा, आकाश त्यातल्या त्यात स्वच्छ. खरं सांगायचं तर क्लिफर्ड मनातून पार हादरला होता, आणि वही उघडली की तेवढा वेळ त्याची भीती जायची. म्हणून तो रोज वही उघडायचा. ग्लासगोला एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात चालत जावं लागतं. माणसं दहा मिनिटांत जातात, त्याने पंचावन्न ठेवली. सगळ्यात अवघड गोष्ट त्यापुढच्या फोर्ट विल्यम स्टेशनची. तिथे गाडी उलटी फिरते, शेपटीचं तोंड होतं, आणि डावीकडे बसलेला माणूस नकळत उजवीकडचा होतो. कितीतरी लोकांचा समुद्र असा हुकला होता. त्याने जागा दोनदा राखून घेतल्या: फोर्ट विल्यमपर्यंत एका बाजूच्या, पुढे दुसऱ्या बाजूच्या. या युक्तीवर तो इतका खूश होता की लेकीला फोन करून त्याने ती तीनदा ऐकवली.

मार्चमध्ये मेव्हिसने चहा कपाच्या बाहेर ओतला. एप्रिलमध्ये तिने शब्दकोडं सोडवणं बंद केलं. डोकं दुखतं म्हणाली. क्लिफर्डने टेबल पुसलं, कोडं घडी करून ठेवलं.

"थोडं आधी नाही का रे जाता येणार?" एके दिवशी तिने विचारलं.

"आठच आठवडे राहिलेत. आणि जागा मिळाल्यात गं, दोन्ही बाजूंच्या."



जून उजाडला. वहीत लिहिलं होतं तसं सगळं मिनिटामिनिटाला घडलं. ग्लासगोला वेळ उरला, सँडविचं खाऊन झाली, वर आकाश धुतल्यासारखं. फोर्ट विल्यमला क्लिफर्डने तिचा हात धरून तिला पलीकडच्या जागेवर नेलं. "पाय जपून. हं, इथे. आता खिडकी तुझ्या डावीकडे." मागची बाई कौतुकाने म्हणाली, "काय नशीबवान आहात हो, असं ऊन वर्षातून चारदा पडतं!"

मग झाडी संपली आणि वाळू आली. खरंच मैद्यासारखी. क्लिफर्डने आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि ते आपण एकटेच बघतो आहोत हे कळत असूनही तो ओरडला.

"मेव्हिस, बघ! मैदाच गं! खरं सांगत होतीस तू!"

मेव्हिसने खिडकीकडे पाहिलं. मग तोंड फिरवून त्याच्याकडे केलं, कारण आता कडेनेच जरासं दिसायचं. एखादी गोष्ट बघायची तर तिच्याकडे न बघता बघावं लागायचं.

"काहीतरी उजेड आहे," ती म्हणाली. "वाळू असेल. नाहीतर ऊन असेल."

तो तिला सांगायला लागला, पाणी कुठे हिरवं आहे, कुठे निळं, बेट कोणत्या बाजूला. एकतीस वर्षं खिडकीमागून सांगितलं तसंच. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"क्लिफ, फेब्रुवारीत इथे नुसतं धुकं असतं म्हणालास ना?"

"हो."

"ते दिसलं असतं रे मला."