दोघांचं बसतंय यात

माझे काका शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. कोट ते बेतायचे आणि आतलं अस्तर त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, लावायचे. एका दुकानात, एका दिव्याखाली दोघांचा जन्म गेला. काकांना एकच घमेंड, कापड वाया जाऊ द्यायचं नाही. एका कोटाच्या कापडात ते वर जाकीट काढायचे आणि जमिनीवरची चिंधीन् चिंधी उचलून डब्यात ठेवायचे.

पोटात आग पडायला लागली तेव्हा ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. नळी घालून तपासलं, तर जठराच्या अस्तरात जंतू निघाले. गोळ्या मिळाल्या आणि सगळ्या संपवायच्या अशी ताकीदही. बाबांनाही तशीच जळजळ होती, पण नळी गिळायची म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. मग काकांनी बेतायची मोठी कातर घेऊन गोळ्यांची पाकिटं मधोमध कापली.

"धाकट्या, दोघांचं बसतंय यात."

बसलंही. दोघांची आग थांबली. काय ते शहाणपण, नुसतं उतू चाललं होतं घरात!

काही वर्षांनी काकांचं पोट पुन्हा पेटलं. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा कातरीची गोष्ट बाहेर आली. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निगरगट्ट होतात, असं त्या म्हणाल्या. त्यांनी वेगळ्या गोळ्या दिल्या. त्या काकांनी निमूटपणे संपवल्या. जंतू गेले.

पुन्हा नळी घातली तेव्हा मी सोबत होते.

"सूज उतरलीय, पेशी सावरतायत," बाई म्हणाल्या. "पण काही ठिकाणी जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी आल्यात. जंतू गेले तरी त्या सहसा मागे फिरत नाहीत. क्वचित त्यातून पुढे कर्करोग होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागेल."

"माझं राहू द्या," काका म्हणाले. "धाकट्याचं बघा."

बाबांची आग परतली नव्हती, म्हणून ते कुणाकडे गेलेच नव्हते. आता मात्र त्यांना दोन घासांत पोट भरायचं. या वेळी त्यांनी नळी गिळली. आत गाठ होती आणि ती पसरली होती.

"पूर्ण औषध मिळालं असतं तर?" काकांनी विचारलं.

"टळलंच असतं असं कुणीच सांगू शकत नाही."

काकांच्या कानात ते शिरलंच नाही. मला त्यांचा भयंकर राग येतो, आणि ते ताट पुढे सारून बसले की पोटात तुटतं. त्यांनी भावाचं वाईट चिंतलं असतं, तर निदान कडाकडा भांडता आलं असतं.

बाबा आता अंथरुणावर आहेत, दिवसेंदिवस वाळतायत. त्यांचे शर्ट काका सारखे आत घेतात, पण जास्तीचं कापड कापत नाहीत. ते शिवणीत राखायचं, माणूस भरला की उसवता येतं, ही त्यांची आयुष्यभराची रीत.

काल बाबा म्हणाले, "दादा, आतलं कापड बरगडीला टोचतंय रे. काप ते."

"असू दे. अंग भरलं की लागेल."

"काप, दादा."

काकांनी शर्ट उलटा केला. कातर घेतली, दोन्ही बाजू कापल्या आणि शर्ट बाबांच्या अंगात घातला. खाली पडलेल्या चिंध्या त्यांनी उचलल्या नाहीत.