जळलेली बाजू

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीतल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत होतो. वय सव्वीस, लग्न झालेलं नव्हतं आणि फोटोग्राफीचा नाद नुकताच लागला होता. तो लावला आमच्या चित्रकलेच्या सरांनी. त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून डार्करूम केली होती. रविवारी दुपारी आम्ही दोघं तिथे रोल धुवायचो, फोटो मोठे करायचो आणि मग ओटीवर बसून सर त्या फोटोंची चिरफाड करायचे.

त्यांच्याकडे काटकोनात कापलेल्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या होत्या. त्या फोटोवर ठेवून पुढेमागे सरकवायच्या आणि नको ते झाकायचं. मी आई-वडिलांचा एक फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी पट्टी आईच्या अंगावर आणली.

"ह्यांना ठेवून काय मिळतं तुम्हाला?"

"आई आहे ती माझी."

"ते तुम्हाला माहीत. बघणाऱ्याला काय त्याचं?"

आई पट्टीखाली गेल्यावर वडील एकदम भारदस्त दिसायला लागले. मी ब्लेड घेऊन तो फोटो तिथेच कापला. मला वाईट वाटलं नाही. फोटो सुधारला याचाच आनंद झाला.

सर पुढे म्हणाले, "ह्या पट्ट्या शिकाऊ माणसासाठी. ज्याला जमतं तो कॅमेऱ्यातच कापतो. नको ते रोलवर येऊच देत नाही."

हे वाक्य मी मनावर घेतलं. माझा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा, चौकोनी फोटो देणारा, एका रोलवर बारा फोटो. समोरच्याला वाटायचं हा माणूस खाली मान घालून उभा आहे. काचेवर कोण दिसतंय आणि कोण नाही, हे फक्त मला माहीत असायचं.

कोल्हापूरला हौशी लोकांचं एक प्रदर्शन भरणार होतं. विषय होता चेहरा. आमच्या शाळेचे शिपाईमामा जयगडच्या वाटेवरच्या एका वाडीतले, पन्नाशीचे. गालफडं बसलेली, भुवया पांढऱ्या, कपाळावर आठ्यांची जाळी. सरांनी त्यांना घंटा वाजवताना बघितलं आणि मला म्हणाले, "हा घ्या तुमचा चेहरा." मी मामांना रविवारी शाळेत बोलावलं.

ते एकटे आले नाहीत, मामींना घेऊन आले. फोटो काढणार म्हटल्यावर दोघांचा, असं ते धरून चालले होते. लग्नालाही त्यांचा फोटो निघालेला नव्हता. मामींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. लवकरच्या एसटीला जागा मिळाली नाही म्हणून उभ्यानं आल्या होत्या, तरी लुगड्याची घडी मोडू दिली नव्हती.

व्हरांड्यात स्टुलावर मामांना बसवलं. मामी त्यांच्या डाव्या हाताला, स्टुलाला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मामी, जरा बाजूला व्हा, आधी मामांचा काढतो." त्या खांबाआड गेल्या. पण त्या गेल्याबरोबर मामांचा चेहरा लाकडासारखा झाला. हात गुडघ्यांवर ताठ, डोळे वटारलेले. मी दोनदा सैल बसा म्हणालो, ते आणखी ताठले. मामी परत येऊन उभ्या राहिल्या, त्यांची टोपी नीट केली, आणि चेहरा पुन्हा माणसाचा झाला.

सर माझ्या मागे उभे होते. हळूच म्हणाले, "राहू दे त्यांना तिथेच. चौकटीत कोण घ्यायचं ते तुमच्या हातात आहे."

मी म्हणालो, "बरं मामी, तुम्हीही उभ्या राहा. दोघांचा काढतो."

आणि बाराच्या बारा फोटो मी मामांचे काढले. प्रत्येक वेळी मामी पदर सावरायच्या, श्वास रोखायच्या, खटका पडला की सोडायच्या. दोन-तीनदा मी, "मामी, मान थोडी वर," असंही म्हणालो. ते म्हटलं की मामांची नजर त्यांच्याकडे वळायची. मला तेच हवं होतं.

फोटो सुंदर आला. कोल्हापूरला त्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं की कष्टाचं आयुष्य काढलेल्या माणसाची दूर कुठेतरी लागलेली नजर अचूक टिपली आहे. ती नजर हातभर अंतरावरच्या बायकोकडे होती.

मामांना एक प्रत दिली. शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा माठ भरायला ते आले होते. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला, उलटून मागची बाजू बघितली.

"सर, दोघांचा?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "तेवढा भाग जळला मामा. रोलला उजेड लागला."

"तिच्याच बाजूचा?"

"हो."

"बारा काडलात ना? सगल्यांत?"

चित्रकलेचे सर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काही माणसं फोटोत येतच नाहीत मामा. कॅमेऱ्याला मानवत नाहीत."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मामाही हसले, पण थोडं उशिरा. मग त्यांनी फोटो रुमालात गुंडाळला आणि माठ उचलून गेले.

पावसाळ्यात ते चार दिवस रजेवर होते. परत आल्यावर मी सहज विचारलं. म्हणाले, मामींना भगताकडे दाखवून आणलं, देवाला नारळ दिला. वाडीत बोलणं सुरू झालं होतं, ज्याची छबी येत नाही त्या माणसाचं काही खरं नसतं. मी म्हणालो, "मामा, असं काही नसतं हो." ते म्हणाले, "तुमीच बोललात ना, सर." घंटेची वेळ झाली होती. ते गेले.

नंतर कळलं की पुतण्याच्या बारशाला मुंबईचा कोणी पाहुणा कॅमेरा घेऊन आला होता. रोल कॅमेऱ्यात नीट बसला नव्हता, एकही फोटो आला नाही. त्या घोळक्यात मामी उभ्या होत्या. त्यानंतर वाडीत कुठे कॅमेरा निघाला की बायका त्यांना सांगायच्या, तू आत जाऊन पान्याचा बघ.

मे महिन्यात मामांच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगा मुंबईला एका कारखान्यात होता. मामांनी मला बोलावलं, कॅमेरा घेऊन या म्हणाले. चित्रकलेचे सर गावाला गेले होते, मी एकटाच गेलो. अंगणात माडाच्या झापांचा मांडव, शेणानं सारवलेली जमीन. ओटीवर, देवाच्या तसबिरींच्या शेजारी मामांचा तो फोटो काच लावून टांगलेला होता.

अक्षता पडल्या, जेवणाआधी घरच्यांचा फोटो काढायचं ठरलं. नवरानवरी, मामा, दोन मुली, जावई, मामांचा धाकटा भाऊ. मामी पदराला हात पुसत आल्या आणि टोकाला उभ्या राहिल्या.

"आये, तू नको," मुलगा म्हणाला. "मागं जा. रोल जळंल."

त्यानं आवाज चढवला नव्हता. गाडी येतेय, बाजूला हो, असं सांगावं तसं सांगितलं. मामांनीही नुसता हात हलवला. नवी सून खाली बघत होती. सासूबद्दल तिला कोणीतरी आधीच सांगितलं असणार. मामी वळून निघाल्या.

मी म्हणालो, "अहो, उभ्या राहू द्या त्यांना. काही होत नाही."

मुलगा हसला. "सर, तुमीच तर बाबांना बोलला होता. आज एकच दिवस हाय, जरा समजून घ्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. काचेवर सात माणसं दिसत होती, दोन्हीकडे सारखी जागा सुटली होती. मी खटका दाबला.

जेवणं झाल्यावर मी मागच्या दारी गेलो. मामी एकट्याच मोठं पातेलं घासत बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं. तुमचा फोटो जळला नाही, मी तो काढलाच नव्हता. रोलवर तुम्ही कधी नव्हताच.

त्यांचा हात थांबला नाही. "मना म्हायती हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या डब्याचा डोळा ह्यांच्याकडं व्हता. माज्याकडं एकदा पन वळला नाय. मी बगत व्हते की."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी मान वर कर बोललात. मना वाटला, असल डब्यात काय कळ." राख घेऊन त्या पुन्हा घासू लागल्या. "मग तुमी जळला बोललात. तुमच्यासमोर मी काय बोलू?"

थोड्या वेळानं त्यांनी हात धुतले, पदरानं पुसले आणि उठल्या. "चला. पोराला सांगा. सून हाय, तिच्या घरची मान्सं हायत. सगल्यांसमोर सांगा."

मांडवात मामा पाहुण्यांना पानसुपारी देत होते. मुलीकडची पंचवीस-तीस माणसं बसली होती. मला तिथे सर म्हणून खुर्ची दिली होती, जेवताना वेगळा पाट आणि रांगोळी होती. मी म्हणालो, "मामी, आत्ता नको. लग्नघर आहे. शाळा उघडली की मामांना नीट समजावून सांगतो."

"आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या. "मागनं कोन ऐकनार?"

"माझी एसटी आहे."

त्या पुन्हा खाली बसल्या आणि पातेलं पुढे ओढलं. निघताना मामांनी मला नारळ दिला, मुलगा फाट्यापर्यंत कॅमेऱ्याची पिशवी उचलून सोडायला आला. वाटेत तो मुंबईतल्या खोलीबद्दल बोलत होता. मी हं हं म्हणत होतो.

जूनमध्ये शाळा उघडली. मी फोटो करून आणले होते, सगळे स्पष्ट, एकही हललेला नाही. चित्रकलेच्या सरांनी घरच्यांचा फोटो बघितला आणि म्हणाले, मांडणी जमली, कुणाला कापावं लागत नाही.

मामांना पाकीट दिलं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला अडचण कसलीच नव्हती. त्यांनी एकेक फोटो टेबलावर मांडला आणि त्यांचं तोंड उजळलं.

"बगितलात सर? तिला बाजूला ठेवली, एक पन जळला नाय."

"छान आलेत," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून कागदात बांधलेला पेढा काढून माझ्या हातावर ठेवला आणि घंटा द्यायला गेले. पुढच्या वर्षी मी चिपळूणच्या शाळेत नोकरी धरली.