दाब मोजताना

माझा दादा एसी दुरुस्त करतो. मागच्या उन्हाळ्यात दाब मोजायच्या मीटरचा पाइप सोडताना गॅस उसळला आणि थंडीनेच त्याची बोटं पोळली. काल कितीतरी महिन्यांनी तो आमच्या गच्चीवरच्या एसीचा दाब तपासायला बसला. गॉगल, हातमोजे सगळं घातलं होतं, तरी पाइप जोडण्याआधी त्याने दोनदा हात मागे घेतला.

"आज राहू दे," मी म्हणाले.

"घरी जमलं नाही, तर बाहेर कसं जमेल?"

दाब ठीक होता. तोंड बाजूला करून त्याने पाइप हळूच सैल केला. फस्स आवाज आला आणि मी डोळे मिटले. गारव्यात निवांत झोपणाऱ्यांपर्यंत हा आवाज कधी पोचतच नाही.

"पाइप निघाला," दादा म्हणाला. "सोमवारपासून कामावर जातो."

मी मान हलवली. त्याने काढलेले हातमोजे त्याच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवले.