बुडीत झाडावरचा पाणकावळा

आनंदरावानं जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात सत्तावीस वर्षं काढली. निवृत्त होऊन तो आसगावात राहू लागला, तसे लोक धरणाच्या फुगवट्यावरची पाखरं घेऊन त्याच्या दारात यायला लागले. कुणाच्या पंखात गळ, कुणाच्या पायाला तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, आवळलेला. दहातली दोन-तीन जगत.

माघातल्या एका सकाळी जाळेवाला चिंधू धापा टाकत आला. "काकाजी, बुडीत झाडावर पाणकावळा लोंबकळून राहिला. काल सांजेपासून. जित्ता हाय अजून."

दोघं डोंग्यातून निघाले. पाण्यात उभ्या वाळलेल्या बाभळीवर तो काळा पक्षी एका पंखानं टांगलेला होता. चिंधूनं फांदी वाकवली. आनंदरावानं पाखराच्या डोक्यावर दुपट्टा टाकला, त्याला मांडीवर घेतलं. पंखातला गळ त्यानं पुढं ढकलला, पकडीनं टोक तोडलं आणि उलटा ओढून काढला. रक्ताचे दोन थेंब, बस्स.

"जमलं!" चिंधू हसला.

आनंदराव हसला नाही. दुपट्टा डोक्यावरून सरकला होता आणि चोचीच्या कोपऱ्यातून तंगुसाचा आणखी एक धागा बाहेर आला होता. त्यानं बोटानं गळ्याखाली चाचपलं. दुसरा गळ पार खाली, छातीत उतरला होता.

"ओढा ना, काकाजी."

"ओढला तर आतडं संगं येईन, बाबू."

"मंग?"

त्यानं धागा चोचीजवळ कापला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाखराचा हिरवा डोळा त्याच्याकडे पाहत राहिला. काठ अजून लांब होता तोच मान दुपट्ट्यावर कलंडली.

"तुमच्यानं झालं तेवढं केलं तुमी," चिंधू हळूच म्हणाला.

"हेच आयकून राहिलो मी, इतकी वर्सं."

आता त्याला एकेक बाभूळ दिसू लागली. प्रत्येकीच्या फांद्यांत तंगूस चमकत होता. एकीवर बगळा वाळून चामडं झाला होता. आनंदराव उभा राहून हाताला येईल तेवढा तंगूस ओढू लागला. बोटं कापली. पिशवी भरली आणि झाडं तशीच राहिली.

"चाल घरी," तो खाली बसत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अड्याळहून एक बाई टोपलीत जखमी टिटवी घेऊन आली. आनंदराव ओसरीवरच बसला होता. त्यानं टोपलीत पाहिलंसुद्धा नाही.

"माह्याच्यानं आता होत नाही, माय," तो म्हणाला. बाईनं टोपली त्याच्या पायाशी ठेवून पाहिली. मग टोपली उचलून आल्या वाटेनं निघून गेली.