वंदनाबाईची सही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आठ वर्षांपूर्वी देवळीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, तेव्हा मुलांच्या दातांच्या उपचाराची एकवीस संमतीपत्रं आली होती. त्यांवरच्या पालकांच्या सह्या मी केल्या. दोन पेनं वापरली, एक निळं, एक काळं. काही सह्या डाव्या हाताने केल्या. त्यातल्या एका सहीचा दोष डॉ. सुजाताताईंनी स्वतःवर घेतला आणि शेवटपर्यंत तो खाली ठेवला नाही.

गेल्या महिन्यात शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला. पुलगावच्या दातांच्या डॉक्टर सुजाताताई गेल्या, झोपेतच. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही त्यात दोन हात जोडले आणि फोन पालथा ठेवला...

ताई पहिल्यांदा शाळेत आल्या त्या एसटीने, एक पत्र्याची पेटी घेऊन. पन्नाशी ओलांडलेली, पायात कॅनव्हासचे बूट. मी धावतच गेलो. म्हटलं, "ताई, लाइट नाही आज. मशीन कसं चालणार?" त्या हसल्या. "मशीन आणलंच नाही, सर. मले दोन टेबलं आणि हा व्हरांडा द्या." टेबलं जोडली, वर सतरंजी टाकली. पेटीतून निघालं काय, तर आरसा, कापूस आणि बोटभर दांडीचा एक चमचा, ज्याचं टोक मुगाच्या दाण्याएवढं. मला वाटलं, ही बाई नुसती तपासून जाणार.

तिसरीतला एक मुलगा आधीच रडत होता. ताईंनी त्याचं डोकं आपल्याकडे घेतलं. "पाय बरं, सुई हाये का माया हातात? मशीन हाये का? नाई ना? मंग काऊन रडून राह्यला बे?" तो रडता रडता हसला, तोंड उघडलं गेलं, आणि चमचा आत. मला म्हणाल्या, "सर, इकडे या. कान लावा." मी वाकलो. आधी काहीच ऐकू येईना. सडलेला भाग ओल्या मातीसारखा निघत होता. मग एकदम बारीक, कोरडा आवाज आला, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. ताईंचा हात जागीच थांबला. "हा चांगला दात. आता इथून पुढे मी एक कणही काढणार नाही." पीठ मळावं तसं सिमेंट कालवलं, खड्ड्यात भरलं आणि बोटाने दाबून धरलं. मुलगा उठून बसला, जीभ फिरवली आणि विचारलं, "झालं?" मलाही तेच विचारायचं होतं. वीस वर्षं शाळेत काढली, दाढ दुखते म्हणून घरी बसणारी मुलं पाहिली, दात उपटून गाल धरून येणारी मुलं पाहिली. दात इतक्या हळू हाताने वाचवता येतो, हे मात्र तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ताईंनी अकरा मुलांचे दात भरले. मी एकाही वर्गावर गेलो नाही. त्या व्हरांड्यातून पाय निघेना.

पुढच्या खेपेला त्या अंगणवाडीच्या लहानग्यांसाठी येणार होत्या. इतकी लहान मुलं चमच्यालाही थांबत नाहीत. त्यांच्या दातांवर चांदीचं औषध लावायचं, बारीक ब्रशने एक थेंब. कीड तिथल्या तिथे थांबते. "पण सर, किडलेली जागा काळी पडते. कायमची, दात पडेपर्यंत. पुढचा दात असला तर आईला हा फोटो दाखवल्याशिवाय मी हात लावत नाही." फोटोचं कार्ड आणि कोरी संमतीपत्रं त्यांनी माझ्या हातात दिली.

आम्हा शिक्षकांना कागद पूर्ण करायची सवय असते. माहिती आजच पाठवा म्हटलं की आजच पाठवतो, मग ती असो वा नसो. कार्ड ड्रॉवरमध्ये गेलं. कापसाची वेचणी चालू होती, आया शेतात होत्या, हे कारण मी स्वतःला दिलं. पण पाच वर्षांच्या परीची आई, वंदनाबाई, आमच्याच शाळेत खिचडी शिजवायची. ऑफिसपासून तिची चूल वीस पावलांवर होती. परीचे वरचे पुढचे चारही दात किडलेले होते. मी वीस पावलं गेलो नाही. बसल्या जागी "वंदना" लिहिलं.

ताईंनी औषध लावण्यापूर्वी विचारलं होतं, "सगळ्या आयांशी बोललात ना?"

"हो, ताई."

दुसऱ्या दिवशी त्या राहिलेल्या मुलांसाठी आल्या, तेव्हा वंदनाबाई हातात झारा घेऊनच व्हरांड्यात आली. "म्याडम, कोळसा फासला का माया पोरीच्या दाताले? आठ दिसानं माया भावाचं लगन हाये. पोरगी मामाच्या लग्नात तोंड दाबून बसन का? मले विचारलं काऊन नाई? मी का मुंबईले गेलती? इथंच त होती, चुलीपाशी!"

ताईंच्या हातात संमतीपत्रांचा गठ्ठा होता. त्यांनी परीचा कागद काढला, पाहिला, माझ्याकडे एकदा पाहिलं. तो कागद वंदनाबाईसमोर धरला असता तर माझी खोटी सही तिथेच उघडी पडली असती. त्यांनी घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. "चुकलं, वंदनाबाई. तुम्हाला विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही."

मी तिथेच उभा होतो. खडूचे हात पँटला पुसत होतो.

गावाच्या समितीने ताईंना पुन्हा येऊ नका म्हणून कळवलं. "दात काळे करणारी बाई" हे नाव पडलं ते पडलंच. लग्नाच्या फोटोत परी ओठ मिटून उभी आहे, मी तो फोटो पाहिला आहे. पण त्याआधी बिस्किटसुद्धा चहात भिजवून चोखणारी ही पोरगी थंडीत पुढच्या दातांनी पेरू फोडून खाताना मी पाहिली. कीड खरंच थांबली होती. तेही मी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

दोन वर्षांनी कबुली द्यायची असं ठरवून पुलगावला त्यांच्या दवाखान्यात गेलो. निमित्त म्हणून दाढ दुखते असं सांगितलं. ती खरंच किडलेली निघाली. "ताई, मला एक..." म्हणेपर्यंत "आ करा, सर" आलं आणि तोंडात कापूस. अर्धा तास मी छताकडे बघत पडून होतो. त्या काम करता करता बोलत होत्या. "पूर्वी मी तळापर्यंत कोरायची. आता नसेपाशी आले की थोडी कीड मुद्दाम ठेवते. वरून घट्ट बंद केलं की तिला खायला मिळत नाही, आणि दात आतून स्वतःला सावरतो. केवढी ताकद असते बघा एवढ्याशा हाडकात!" तीस वर्षं हेच काम करणारी बाई, आणि आवाजात अजून नवल होतं.

त्यांच्या उजव्या तर्जनीवर काळा डाग होता. नंतर कळलं, परीच्या प्रकरणापासून त्या प्रत्येक आईकडे स्वतः जायच्या, चुलीपाशी बसायच्या आणि आधी आपल्या बोटावर औषधाचा थेंब लावून दाखवायच्या. "हे कातडीवरचं जाईल आठवड्यात. दातावरचं नाही जाणार. बोला, लावू?"

कापूस काढल्यावर मी फक्त पैसे किती झाले ते विचारलं. निघताना त्या हात धूत म्हणाल्या, "सर, तुमचं अक्षर फार सुरेख आहे हो. तेव्हाच पाहिलं होतं." मी दारातच थांबलो. त्यांनी विचारलं, "वंदनाबाई भेटतात का कधी?"

"नाही, ताई."

"भेटा. मले काही नको. तिले वाटते, आपल्याले कोणी विचारायच्या लायकीचं समजलं नाही. तेवढं काढा तिच्या मनातून."

मी हो म्हणालो. तसंच, पूर्वीसारखं.

ताईंनी भरलेली ती दाढ आज सहा वर्षं शाबूत आहे. भाकरी त्याच बाजूने खातो. जिभेला तिथे ताईंच्या बोटाने दाबलेला सपाट भाग लागतो...

वंदनाबाई अजून त्याच शाळेत खिचडी शिजवते. हे ज्यात छापून येईल ती वर्तमानपत्राची पुरवणी ती वाचत नाही, तेव्हा हे इथे लिहून काही फिटलेलं नाही. तिच्या चुलीपाशी जाऊन, तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की विचारायचं काम माझं होतं आणि सही मी केली. ते मी अजून केलेलं नाही.