बंडीच्या उताराची नोंद

मी घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. त्यानंतर काही वर्षांनी एका रस्त्याच्या कामावर मी नोकरी धरली. त्या नोकरीत एका गावच्या सभेचा जो वृत्तान्त मी लिहिला, त्यात एक वाक्य असं आहे : ‘ग्रामस्थांनी कामाचे स्वागत केले, कोणतीही सूचना अथवा मागणी आली नाही.’ अक्षर माझं आहे आणि वाक्य खोटं आहे. मागणी आली होती. ती मी ऐकली होती आणि ‘लिहून घेतो’ असं सर्वांसमोर म्हणालोही होतो.

नोकरी कशी होती ते आधी सांगतो. रस्त्यासाठी कर्ज देणारी बँक म्हणजे अनेक देशांनी मिळून काढलेली बँक. ती आपल्या भागातल्या सरकारांना मोठ्या कामांसाठी कर्ज देते. एका दूरच्या थंड देशानं तिच्याशी भागीदारी केली होती आणि कर्जाच्या जोडीला थोडं अनुदान दिलं होतं. हे अनुदान गिट्टी-डांबरासाठी नव्हतं. ज्यांच्या वावराजवळून रस्ता जाणार, त्यांना आधी विचारावं, ते काय म्हणतात ते लिहावं आणि जमेल तसा नकाशा बदलावा, यासाठी ते होतं. माझं मानधन त्यातूनच निघायचं. माझं मुख्य काम लोकांचं म्हणणं लिहिणं हे होतं. इंग्रजी येतं, गावोगावी जुने विद्यार्थी आहेत, म्हणून मला घेतलं.

गावात गेलो की रस्त्याच्या आधी बँक समजावून सांगावी लागायची. एका पारावरचे म्हातारबुवा मला म्हणाले होते, “बँक म्हंजे कोनती? आर्णीतली काय?”

“नाही बाबा. देशांची बँक. सरकारला कर्ज देते.”

“सरकारले देते? मंग जामीन कोन राह्यते?”

मी हसलो. मग त्यांना सभेची वेळ सांगितली.

ज्या गावाविषयी मी लिहितो आहे तिथली सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. दिवस कापूस वेचणीचे होते. अशा दिवसांत माणसं अर्धा तास बसली तरी पुष्कळ, म्हणून आमची एक पद्धत होती : आधी सह्या, मग सभा. माणूस आला की त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. कागदाचा वरचा भाग कोरा असायचा; तो मी घरी जाऊन भरायचो. ही पद्धत मी काढलेली नव्हती. शाळेत असताना पालकसभेच्या वहीतही मी अशाच सह्या घेत आलो होतो. त्यात काही वावगं आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि मलाही वाटलं नव्हतं.

सभा संपत आली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली एक बाई उठून उभी राहिली. वेचणीचं फडकं कमरेला तसंच बांधलेलं होतं. नवरा यवतमाळला ट्रकवर ड्रायव्हर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. शेती ती एकटी पाहायची. तिचं वावर रस्त्याच्या पलीकडे होतं आणि तिकडे जायला पांदण, म्हणजे शेतात जाणारी गाडीवाट, होती. जुना रस्ता वावराच्याच उंचीला होता, त्यामुळे बैलबंडी तो सहज ओलांडायची.

“मास्तर, माहं एक लिहून घ्या,” ती म्हणाली. “रस्ता उचलून राह्यले म्हन्ता. मंग आमच्या पांधनीवरून बंडी कशी जाईन?”

मागून एक तरुण म्हणाला, “काकू, आता बंडी सोडा. ट्रॅक्टर घ्या.”

“तू घेऊन दे. अन् ट्रॅक्टरले का पंख असते?”

सगळे हसले. तीही हसली, पण बसली नाही. “दोन्हीकून उतार करा मने. बंडी चढली पायजे अन् उतरली पायजे. बाकी मले काही नाही मांगाचं.”

“लिहून घेतो, ताई,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी घरी बसून आठ गावांचे वृत्तान्त भरले. पहिल्या दोन गावांचं वाक्य चांगलं जमलं होतं. तेच पुढे उतरवत गेलो. या गावाशी आलो तेव्हा मला ती बाई आठवली. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की विसरलो. मला ती कमरेच्या फडक्यासकट आठवली. पण मागणी लिहायची तर तिचा वेगळा फॉर्म होता. त्याला जागेचा कच्चा नकाशा जोडायचा, मागणी करणाऱ्याला जागेवर उभं करून फोटो काढायचा, म्हणजे पुन्हा गावाला जायचं. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. शिवाय माझे अहवाल स्वच्छ असतात असं ते तपासणाऱ्या नागपूरच्या साहेबांनी दोनदा म्हटलं होतं. शाळेत कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं. मला वाटलं, एवढा साधा उतार इंजिनिअर लोक स्वतःच ठेवतील. आणि मी ते वाक्य तिथेही उतरवलं. खाली तिची सही आधीच होती.

रस्ता झाला, आणि चांगला झाला हेही सांगितलं पाहिजे. आता गावापर्यंत ॲम्ब्युलन्स येते. माझ्या पत्नीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा आम्ही त्याच रस्त्यानं गेलो. पण काळ्या जमिनीत रस्ता खचतो, म्हणून मुरमाचा भराव घालून तो उचलला होता. पांदणीपाशी तो पुरुषभर उंच झाला. इकडे पांदण भरावाला येऊन थांबायची आणि तिकडून पुन्हा सुरू व्हायची. बाकीचे लोक पुढच्या फाट्यावरून लांबचा फेर घालून जाऊ लागले. तीही सुरुवातीला तशीच जायची. एक दिवस भरलेली बंडी तिनं भरावावरून तिरकी चढवायचा प्रयत्न केला. चाक घसरलं, बंडी कलंडली, तिच्या खांद्याला मार बसला आणि एका बैलाचा पुढचा पाय मोडला.

मला हे कामावरच्या इंजिनिअरकडून कळलं. तरुण, सरळ मुलगा होता. मी विचारलं, “तिथं उतार का ठेवला नाही?”

“सर, तुमच्या वृत्तान्तात मागणीच नव्हती. असती तर नकाशात धरला असता. आता वाढीव काम कोण मंजूर करणार?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी मान हलवली आणि स्कूटर सुरू केली.

अजून एकदा मला संधी मिळाली होती. काम संपताना पाहणीसाठी बँकेचे एक अधिकारी आणि त्या थंड देशाची एक बाई आली. रस्त्याच्या सुरुवातीला त्या देशाच्या झेंड्याचा बोर्ड लागला होता, तिथे फोटो झाले. मग गावात बैठक झाली. दुभाषा मी. पाहुणीनं बायकांकडे पाहून विचारलं, “काम सुरू होण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का? तुम्ही काय सांगितलं?” मी ते मराठीत सांगितलं.  बायकांतून उतार मागणारी तीच बाई उठली.

ती बरीच बोलली. सभा कुठे झाली, उतार कसा मागितला, मास्तर काय म्हणाले, बंडी कशी कलंडली, बैल कोणत्या पायानं अधू झाला. सगळं शांतपणे सांगितलं, आणि ‘मास्तर’ म्हणताना माझ्याकडे बोट केलं नाही. तिचं झाल्यावर पाहुणीनं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हणालो, “त्या सभेला हजर होत्या, आणि त्यांनी आपलं म्हणणं मांडलं होतं.”

यातला एकही शब्द खोटा नाही. पाहुणीला आनंद झाला. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ती बाई मात्र माझ्याकडे पाहत राहिली. तिला इंग्रजी येत नाही, पण किती बोललं आणि किती पुढे गेलं एवढं कुणालाही कळतं.

या गोष्टीला वर्ष झालं. मध्यंतरी रस्त्याच्या सुरुवातीच्या बोर्डाखाली स्कूटर थांबवली तेव्हा सगळ्यात खालची ओळ मी पुन्हा वाचली. काम पूर्ण झाल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत लेखी तक्रार करता येते आणि तिची प्रत बँकेकडे जाते, असं तिथे लिहिलं आहे. त्या ओळीचं मराठी मीच तपासून दिलं होतं. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. मुदतीनंतर तो उतार कायमचाच राहून गेला असता, आणि माझं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं.

घरी येऊन मी मराठीत आणि इंग्रजीत पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेलो. ती गोठ्यात बैलांपुढे कुटार टाकत होती. एक बैल उभा, एक बसलेला. बसलेल्याकडे मी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“ताई, तुमची मागणी मी लिहिलीच नव्हती,” मी म्हणालो.

“माहीत आहे मले.”

“कधीपासून?”

“त्या गोऱ्या बाईच्या दिवसापासून. मी येवढं लांब सांगतलं अन् तुमी दोन घासात गिळलं.” तिनं हात झटकले. “चहा घेता?”

मी पत्राचं सांगितलं. मागणी आली होती हे मी माझ्या सहीनं लिहून देतो, खाली तुमचीही सही पाहिजे. पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही.

“आधी वाचा.”

मी वाचलं. ‘सदर मागणी माझ्याकडून नजरचुकीने नोंदवायची राहून गेली’ या वाक्याशी तिनं हात वर केला.

“नजरचुकीनं म्हंजे?”

“म्हणजे… लक्षात राहिलं नाही, असं.”

“राह्यलं नव्हतं?”

“राहिलं होतं.”

“मंग तसं लिहा ना. इसरले असते तं मी काहून रागावलो असतो? मानूस इसरते.”

मी तिच्या ओसरीवर बसून ते वाक्य खोडलं आणि लिहिलं : ‘मागणी माझ्या लक्षात होती, मी ती लिहिली नाही.’ इंग्रजीतही तसंच केलं. तिनं मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

“इंग्रजीत बी हेच आहे?”

“हेच आहे.”

“असंन. पन नातनीले इचारतो.”

तिनं मोबाइलवर दोन्ही कागदांचे फोटो काढून यवतमाळला कॉलेजात शिकणाऱ्या नातीला पाठवले. उत्तर येईपर्यंत आम्ही चहा घेतला.  नातीचा फोन आला, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हो म्हन्ते. आना पेन.” सही केल्यावर खाली चार बोटं कोरी जागा उरली होती. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, “इथं रेघ मारा.” मी वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ मारली.

पत्र मुदतीत पोचलं. पोच आली. सभेचा वृत्तान्त खोटा होता हे कळल्यावर नागपूरच्या साहेबांचा फोन आला. ‘सर, या वयात हे कशाला?’ एवढंच ते म्हणाले. पत्नीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं तुम्हाला काहीतरी खातं आहे. मी समजत होते दुखणं आहे.”

मागच्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी भरावाच्या दोन्ही अंगांना मोजमाप केलं, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या आणि मंजुरी आली तर कळवू असं सांगून गेली. येईल की नाही, मला माहीत नाही. काल मी तिकडून गेलो तेव्हा फक्की वाऱ्यानं अर्धी उडाली होती, पण रेघेवर थोड्याथोड्या अंतरानं दगड मांडलेले होते. ती पलीकडे वावरात होती. मी स्कूटर थांबवलेली पाहून तिनं भरावाखालून मोठ्यानं सांगितलं, “मीच मांडले, मास्तर. जागा कोनती होती, म्हून कोनी इचारलं तं दाखवाले.”